तिखाडीचा वास

मुलांनो, अमरावतीहून नागपूरकडे निघालं, की हमरस्त्यावरच आमचं नांदगाव पेठ लागतं. पूर्वी हा ६ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग होता, आता ५३ नंबरचा झाला. इकडे कारखाने, तिकडे कपाशी-तुरीची वावरं. डिझेलचा वास आमच्या पोरांना चांगला ओळखीचा! पण "एका गवताला गुलाबासारखा वास येतो," असं मी म्हटलं, तर अख्खी पाचवी हसायला लागली.

"मॅडम, गवताले कुठं गुलाबाचा वास येते का?"

म्हणून सहलीची एसटी चिखलदऱ्याला नेली. परतवाडा मागे पडलं, घाट सुरू झाला आणि एका उन्हाच्या उतारावर ते गवत दिसलं. मुलांच्या डोक्यावर जाईल एवढं उंच. पानाचा बुडखा बदामाच्या आकाराचा, दांड्याला मिठी मारून बसलेला. वर तांबूस तुरे. याला रोशा म्हणतात, तिखाडीही म्हणतात. गवती चहा याचा चुलतभाऊ. जंगलातलं काही तोडायचं नाही, हे आधीच बजावलं होतं. पान जागच्या जागी बोटांनी चुरायचं आणि बोटं हुंगायची. हसणारी पोरं एकदम गप्प झाली!

हा वास येतो जिरॅनिऑल नावाच्या द्रव्याचा. गुलाबातही तेच असतं. १८७१ साली ऑस्कर याकोब्सेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ते पहिल्यांदा शुद्ध रूपात वेगळं केलं आणि त्यासाठी त्याने वापरलं होतं भारतातल्या अशाच गवताचं तेल. मेळघाटाला लागून असलेल्या निमाडात हे तेल काढत. मुंबईहून ते जहाजाने तुर्कस्तानापर्यंत जाई आणि तिकडे गुलाबाच्या महागड्या अत्तरात गुपचूप मिसळलं जाई. म्हणजे आपलं गवत परदेशात गुलाब म्हणून मिरवत होतं!

तेल काढायची रीत साधी आहे. फुलोऱ्यावर आलेलं गवत कापून मोठ्या भांड्यात पाण्यासह दाबून भरायचं, झाकण पक्कं करायचं, खाली जाळ लावायचा. नळीतून येणारी वाफ थंड केली, की पाण्यावर तेलाचा तवंग येतो. आता गंमत बघा. पाणी १०० अंशांला उकळतं आणि जिरॅनिऑल सुमारे २३० अंशांला. मग ते १०० अंशांच्या आतबाहेर कसं काय बाहेर पडतं? तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. तापवल्यावर दोघांचीही वाफ होऊ लागते आणि दोन्ही वाफांचा जोर एकत्र होतो. त्यामुळे पाण्याच्या वाफेबरोबर थोडं थोडं तेलही निघून येतं.

घाटात भेटलेले एक गुराखी आजोबा म्हणाले, "जून झाली का ढोरं हिले तोंड लावत नाहीत, बाई." अनेक वनस्पतींना असा उग्र वास हीच राखण असते. आणि ही राखण जंतूंवरही चालते. प्रयोगशाळेत काचेच्या थाळीत जंतू वाढवून मधोमध हे तेल ठेवलं, की त्याच्याभोवती कितीतरी जातींचे जंतू वाढत नाहीत. गोल मोकळी जागा राहते. जिरॅनिऑल जंतूच्या पातळ आवरणात शिरतं, आवरण गळकं होतं आणि आतला ऐवज बाहेर झिरपतो.

"मंग डॉक्टरकडं काहून जावं? हेच लावाव न!" एकीनं विचारलं. तिच्या आजीच्या पायाची जखम महिनाभर बरी होत नव्हती आणि घरात लेप-पाल्याचेच उपाय चालले होते. मी बसमध्येच तिच्याजवळ बसले. थाळीत नुसते जंतू असतात. आजीच्या पायात रक्त आहे, कातडी आहे, कदाचित साखरेचा आजारही असेल. निव्वळ तेल लावलं तर कातडीची आग होते, काहींच्या अंगाला ते सोसतच नाही. थाळीतला गुण खरा, पण त्यावरून औषध ठरायला पुष्कळ तपासण्या लागतात. पुढच्याच सोमवारी आजीला सरकारी दवाखान्यात नेलं. साखर वाढलेलीच निघाली.

या गवताच्या दोन जाती आहेत, मोतिया आणि सोफिया. दिसायला जुळ्या बहिणीच, वासावरूनच ओळखायच्या. मोतियात गुलाबाची झाक जास्त. आम्हाला भेटली ती कोणती, यावर पाचवीत अजून भांडण चालू आहे.