गाडीचं नटणं

आमच्या तिरोडीत मँगनीजच्या खाणी आहेत, मोटारींचे कारखाने नाहीत. तरी जुन्या अमेरिकी मोटारींवर लिहावंसं वाटतं, कारण त्यांच्याशी आपलं दोन बाजूंनी नातं आहे. एक समाजाकडून, दुसरं मातीकडून.

समाजाकडून म्हणजे वालचंद हिराचंद. १८८२ साली सोलापुरात दिगंबर जैन घरात त्यांचा जन्म झाला. मोटारी आपल्या देशात व्हाव्यात हा त्यांचा ध्यास. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार केला. मग मुंबईत कुर्ल्याला डॉज, प्लिमथ अशा गाड्या जोडल्या जाऊ लागल्या.

या अमेरिकी गाड्यांचं रूप कसं, तर ऐसपैस. लांब बॉनेट, मागे तेवढीच लांब डिकी, पुढे तिघं नि मागे तिघं बसतील अशी रुंदी. तोंडावर क्रोमची चकचकीत जाळी, खाली जाड बंपर. पुढे हा थाट वाढतच गेला. १९४८ च्या कॅडिलॅकला मागच्या दिव्यांपाशी छोटे पंख फुटले. जनरल मोटर्सचे हार्ले अर्ल यांना ते एका लढाऊ विमानाच्या शेपटीवरून सुचले होते. वाढता वाढता १९५९ च्या कॅडिलॅकवर ते सगळ्यांत उंच झाले. त्याच वर्षीच्या शेव्हरोले इंपालाचे पंख आडवे पसरले, आणि ती गाडी होती साडेसतरा फूट लांब! बरं, एवढ्या पंखांनी गाडी काही उडत नव्हती, की पेट्रोल वाचत नव्हतं.

मग ते कशासाठी? कालची गाडी आज जुनी वाटावी म्हणून. आतलं यंत्र पुष्कळदा तेच, पण दरवर्षी चेहरा थोडा बदलायचा. शेजारच्या दारी नवा चेहरा आला, की आपली छान चालणारी गाडी आपल्याच डोळ्यांत खुपायला लागते.

दशलक्षणात नवव्या दिवशी आपण आकिंचन्यावर ऐकतो. परिग्रह म्हटलं की आपल्याला तिजोरी आठवते. शास्त्रात मात्र वस्तूपेक्षा आसक्तीला परिग्रह म्हटलंय, आणि आसक्ती शिरते डोळ्यांतून. आपण बायांना हे का कळत नाही? मागच्या लग्नातली साडी या लग्नात नेसली की कोणीतरी म्हणतंच, ‘‘हीच का गं?’’ साडी फाटलेली नसते, विटलेलीही नसते.

अर्ल यांनी पुढे स्त्री डिझायनरही नेमल्या. पण त्यांच्याकडे बहुतेक गाडीच्या आतलं काम आलं. सीटचं कापड, रंग, हाताशी लागणाऱ्या वस्तू. बाहेरचा आकार पुरुषांनी आपल्याकडेच ठेवला. आतलं तुमचं, बाहेरचं आमचं. अमेरिका असो की तिरोडी, वाटणी तीच!

आता मातीचं नातं. लोखंडातलं गंधक त्याला ठिसूळ करतं. मँगनीज घातलं की तो दोष जातो नि पोलाद मजबूत होतं. पंखवाल्या गाड्यांच्या त्या दशकात अमेरिका भारताकडून मँगनीज घेत होती. इकडच्या खाणींत धातू वेचायला, टोपल्या वाहायला बायाही होत्या. गाडीवरचं क्रोम सगळ्यांना दिसतं, पोलादातलं मँगनीज कोणाला दिसत नाही. पण ते नसलं तर क्रोम लावायचं कशावर?

नटू नये असं माझं म्हणणं नाही. सणावाराला मीही नटते. पण स्थळ घेऊन येणाऱ्यांची मोठी गाडी दारात थांबली, की घरातले सगळे आधी तिचं तोंड पाहतात आणि अर्धा निर्णय तिथेच होऊन जातो. म्हणून नात्यातल्या मुलींना मी सांगते, बाई गं, गाडी बघ, पण मग आतलं विचार. तिचे हप्ते किती राहिलेत? त्या घरच्या मोठ्या सुनेनं शिक्षण पूर्ण केलं का? आणि घराचा एखादा निर्णय तिला विचारून होतो का?