दादांच्या नावावर काय काय होतं



टोमॅटोची बांधणी काल उरकली, पावसानंही उघडीप दिलीय. पण आज पिकाचं लिहीत नाही. थोरले बंधू जाऊन पाच महिने झाले. त्यांच्या मागं जे कागद निस्तरले त्याचं लिहितो. बाजारात भेटलं की कुणी ना कुणी विचारतंच, म्हणून एकदाच सांगतो.

दादा हार्ट ॲटॅकनं गेले, वय ६१. दशक्रिया झाल्यावर वहिनींनी त्यांची पत्र्याची पेटी माझ्यापुढं ठेवली. विघ्नहर कारखान्याचं शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचं पुस्तक, पतसंस्थेची दोन, डेअरीचं कार्ड, ॲग्रोवनची वर्गणी, आळंदीच्या दिंडीची पावती. एक माणूस किती ठिकाणी सभासद असतो, ते तो गेल्यावरच कळतं.

मयताची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत केली आणि दाखल्याच्या दहा प्रती घेतल्या. सगळ्या लागल्या.

पाहुण्यांचं म्हणणं, मोबाईल आधी बंद करा, उगाच रिचार्ज कशाला. मी म्हणलं, तो सगळ्यात शेवटी. कुठून पैसे कापले जातात, कुठला हप्ता पडतो, सगळं त्यावरच येतं. रिचार्ज बरेच दिवस नसला तर नंबर बंद पडतो आन् पुढं दुसऱ्या कुणाला तरी जातो. बँकेला तोच नंबर जोडलेला असला म्हणजे मग बसा बोंबलत. एक मात्र सांगतो, एटीएमचा आकडा घरात माहीत असतो, तरी त्यातनं पैसे काढायचे नाहीत. खातं मेलेल्या माणसाचं आहे, पैसे दाखला देऊन रीतसर घ्यायचे.

पासबुकात मे महिन्याच्या नोंदी बघा. ४३६ रुपये कापलेले दिसले तर तो जीवनज्योती विमा. मरण कशानंही येवो, २ लाख मिळतात, पण तो ५५ वर्षांपर्यंतच. २० रुपये कापलेले असले तर सुरक्षा विमा, तो ७० पर्यंत चालतो पण फक्त अपघाताला. दादांचे २० कापले जात होते, आम्हाला त्यातलं काही बसलं नाही. पण ओळखीतल्या एका घरी ४३६ ची नोंद सापडली. बायकोला माहीतच नव्हतं की नवऱ्याचा विमा आहे. आपल्याकडं माणसं सह्या करतात आन् घरी सांगत नाहीत.

पी.एम. किसानचा २००० चा एक हप्ता दादांच्या मागं जमा झाला. कुणी म्हणलं, राहू द्या, कोण बघतंय. तो आपला नाही, मयताची खबर द्यायची आणि परत करायचा. सातबाऱ्यावर वारसनोंद झाली की वारसाला स्वतःचा अर्ज करता येतो. वारसनोंदीला घाबरू नका, नोटिशीचे १५ दिवस धरा. सरकारनं २०२५ ला जिवंत सातबारा मोहीम काढली ती याचसाठी, मेलेल्या माणसांची नावं उताऱ्यावर तशीच पडून राहतात. मंचरला दिलेल्या पुतणीचंही नाव लावलं. तिनं मागितलं नव्हतं, पण हक्क आहे म्हणून लावलं.

खरा पेच कारखान्याच्या शेअरचा. दादांनी शेअर घेतला तेव्हा घर एकत्र होतं, नॉमिनी म्हणून माझं नाव घातलं. वाटप २०११ ला झालं, नाव तसंच राहिलं. सहकार कायद्याच्या कलम ३० प्रमाणं सभासद वारला की शेअर नॉमिनीकडं जातो, नॉमिनी नसला तर वारसाकडं. भावकीतले म्हणले, कायद्यानं तुझाच आहे, घे करून. वहिनी स्वतः म्हणल्या, "भाऊजी, तुमच्याच नावावर घ्या, मला कारखान्यातलं काय कळतंय?" पुतण्या गप्प होता. त्याचं गप्प राहणं मला जास्त ऐकू आलं.

शेअर म्हणजे नुसती दिवाळीची साखर नाही. मत आहे, सर्वसाधारण सभेत उभं राहून बोलायचा हक्क आहे. आणि ऊस उभा आहे तो वहिनींच्या वावरात. कंपन्यांच्या शेअरबाबत सर्वोच्च न्यायालयानं २०२३ ला सांगितलंय की नॉमिनी झाला म्हणून मालक होत नाही, वारसांचा हक्क राहतो. कारखाना काही कंपनी नाही, पण न्याय मला तोच वाटतो. मी ना-हरकत लिहून दिली, पुतण्या-पुतणीच्या सह्या घेतल्या आणि शेअर वहिनींच्या नावावर करायला अर्ज दिला. भावकीतले दोघं अजून नीट बोलत नाहीत. न बोलू देत.

सोसायटीचं पीककर्ज माणसाबरोबर जात नाही, ते मुदतीत भरून टाकलं. ॲग्रोवन चालू ठेवला, आता पुतण्या वाचतो. डेअरीचं कार्ड वहिनींच्या नावावर झालं, तसंही धारा त्याच काढत होत्या. दिंडीच्या वहीतलं नाव मात्र वहिनींनी खोडू दिलं नाही. औंदाची भिशी त्यांनी दादांच्याच नावानं भरली आणि चालायला स्वतः गेल्या.

राहिलं विहिरीवरचं मीटर. त्याचं बिल अजून आमच्या आजोबांच्या नावानं येतंय. सोमवारी त्याचे कागद घेऊन जायचंय.