कृष्णाकाठचा आले-गुळाचा पाक

पौषातली थंडी अंगात मुरू लागली, की घरातील ज्येष्ठांचा दिनक्रमही किंचित बदलतो. सकाळचा फेरफटका उन्हे वर येईपर्यंत लांबतो, शाल खुर्चीच्या पाठीवर मुक्कामाला येते आणि सायंकाळी काहीतरी ऊन, तिखट-गोड घोटभर मिळावे असे वाटू लागते. याच दिवसांत संक्रांत येते आणि रथसप्तमीपर्यंत घरोघरी वाण लुटले जाते. यंदा वाण म्हणून घरी केलेल्या आले-गुळाच्या पाकाची लहानशी बाटली द्यावी, असे आपल्या मनात असेल, तर त्यातील जिनसा जिथे पिकतात तो मुलूख एकदा अवश्य पाहून यावा. पुण्याहून कोल्हापूरकडे जाणारा महामार्ग आपल्याला नेमका तेथे नेतो.

खंबाटकी घाट मागे पडला, की सातारा जिल्ह्याचा आल्याचा पट्टा फार दूर राहत नाही. साताऱ्याहून पूर्वेला कोरेगावच्या बाजूस वळलात, तर गादीवाफ्यांवर लावलेले आले दिसेल. उन्हाळ्यात लावलेले हे पीक आठ-नऊ महिने जमिनीत राहते. जानेवारीत पाने पिवळी पडून माना टाकतात. शेत वाळून गेले असे वरून पाहणाऱ्यास वाटावे. पण कुदळीने वाफा उकरला, की मातीसकट गड्डे वर येतात आणि तो ओला, तिखट वास सभोवार पसरतो. पाकासाठी असेच जून, जड आणि घट्ट आले निवडावे. कोवळ्या आल्याला रस पुष्कळ सुटतो, पण झणका कमी असतो.

पुढे कऱ्हाडला अवश्य थांबावे. वयस्कर मंडळी बरोबर असतील, तर पाय मोकळे करण्यास प्रीतिसंगमासारखी जागा नाही. कृष्णा आणि कोयना येथे समोरासमोर येऊन मिळतात. यशवंतराव चव्हाणांची समाधी येथेच आहे. अर्धा तास सावलीत बसावे, सोबतचे पाणी प्यावे आणि मग पुढे निघावे.

कोल्हापूरच्या परिसरात शिरताच उसाच्या गाड्या दिसू लागतात. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली गुळाच्या व्यापारासाठी शाहूपुरी ही पेठ वसवली आणि कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या साऱ्याचे मूळ मात्र रानातल्या गुऱ्हाळात आहे. चरकातून निघालेला रस भल्यामोठ्या काहिलीत उकळत असतो, खाली वाळलेली चिपाडे धडधडत असतात. भेंडीच्या झाडाचा चिकट रस घातला, की मळी वर तरंगते आणि ती काढून टाकतात. गूळ केव्हा झाला हे गुळव्या पाकाच्या रंगावरून आणि पाण्यात टाकलेल्या थेंबावरून ओळखतो. त्याआधीच, पाक पातळ असताना काढून घेतली ती काकवी. आपण घरी करणार आहोत तो पाक या काकवीचाच धाकटा भाऊ म्हणावा. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी चुलवणाच्या धुरापासून दूर, वाऱ्याच्या उलट बाजूस उभे राहावे. गूळ घेताना पिवळाधमक रंग पाहून भुलू नये. गडद तपकिरी, रसायन न घातलेला गूळ विचारून घ्यावा.

आता घरी परतू. दोनशे मिलिलिटरच्या तीन बाटल्यांसाठी पाव किलो आले, अर्धा किलो गूळ, दहा-बारा मिरे, चार लवंगा, बोटभर दालचिनी, पाच वेलदोडे, गवती चहाची सात-आठ पाती, मूठभर तुळशीची पाने आणि दोन लिंबे घ्यावीत. आले स्वच्छ धुऊन, सोलून, किसून त्याचा रस पिळावा आणि अर्धा तास न हलवता ठेवावा. तळाशी पांढरा साका बसतो; तो तसाच राहू देऊन वरचा रस अलगद ओतून घ्यावा. ही एक पायरी गाळली, तर बाटलीत गढूळ थर साचतो. पिळून उरलेला चोथा आणि ठेचलेले मसाले तीन पेले पाण्यात उकळून पाणी निम्म्यावर आणावे. आच बंद करून गवती चहा व तुळस घालावी, दहा मिनिटे झाकून ठेवावे आणि फडक्यातून गाळून घ्यावे. त्यात गूळ विरघळवून पुन्हा गाळावे, कारण गुळात माती-कचरा असू शकतो. मग आल्याचा रस घालून मंद आचेवर आटवावे. पाक बोटाला चिकटला पाहिजे, पण तार धरता कामा नये. उतरवून लिंबाचा रस मिसळावा आणि उकळत्या पाण्यात निर्जंतुक करून कोरड्या केलेल्या काचेच्या बाटल्यांत भरावा. भांडे स्टीलचेच घ्यावे. हा पाक फ्रिजमध्ये ठेवून महिनाभरात संपवावा. पेलाभर कोमट पाण्यात दोन लहान चमचे पुरेत.

बाटलीच्या गळ्याला दोरीने एक चिठ्ठी बांधावी. तीवर काय काय घातले आहे, कधी केले आणि किती घ्यावे, हे ठळक अक्षरांत लिहावे. भेट घेणाऱ्याच्या वयाला आणि औषधांना ही चिठ्ठी फार उपयोगाची असते. गूळ साखरेपेक्षा निरुपद्रवी आहे, असा समज आपल्याकडे खोल रुजलेला आहे. मधुमेहात मात्र तोही रक्तातील साखर वाढवतोच. या पाकाच्या दोन लहान चमच्यांत सुमारे ८ ग्रॅम गूळ जातो. म्हणून मधुमेही आप्तांना बाटलीऐवजी सुंठ, मिरे, दालचिनी आणि वाळलेल्या गवती चहाची पुरचुंडी द्यावी. ती पाण्यात उकळून बिनगोड घेता येते. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी आले रोज घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. मूत्रपिंडाच्या विकारातही तसेच करावे, कारण गुळात पोटॅशियम असते. घशाला बरे म्हणून काहीजण ज्येष्ठमध घालतात. त्याने रक्तदाब वाढू शकतो, तेव्हा भेटीच्या बाटलीत ते नसावे. गिळताना ठसका लागणाऱ्या व्यक्तीस कोणतेही पातळ पेय देताना सरळ बसवावे आणि घोट घोट द्यावे. दोन आठवड्यांहून अधिक टिकणारा खोकला पाकाने दाबत बसू नये, तपासून घ्यावा.

वाण देण्याची यादी करताना आणखी एका गोष्टीचा विचार करावा. हळदीकुंकवाला बोलावण्याच्या रीतीत एकट्या राहणाऱ्या, पती गमावलेल्या वृद्ध स्त्रिया पुष्कळदा वगळल्या जातात. शेजारच्या आजोबांकडे तर संक्रांतीला कोणी फिरकतच नाही. पाकाच्या बाटलीला सौभाग्याची अट घालण्याचे काहीच कारण नाही. पहिली बाटली त्यांच्याकडे पाठवावी; शक्यतो स्वतः घेऊन जावे. त्यांच्या औषधांची चौकशी करावी, चिठ्ठी वाचून दाखवावी, त्यांच्याच स्वयंपाकघरात पाणी कोमट करून दोन पेले भरावेत आणि एक आपण घ्यावा. तिळगुळाची वडी कडक लागते अशी तक्रार दात गेलेल्या मंडळींची असते. या पेल्याबाबत ती खचित येणार नाही.