वजीर उतरवून

लहानपणी आमच्या वाड्यात दुपारची जेवणे उरकली, की ओसरीवर बुद्धिबळाचा पट मांडला जात असे. एका बाजूस आजोबा व दुसऱ्या बाजूस आम्ही. मोहरी लावून झाली, की आजोबा आपला वजीर उचलीत आणि पानाच्या डब्याशेजारी ठेवून देत. "चल, आता झाली बरोबरी," असे म्हणून ते पहिले प्यादे सरकवीत. पुढे आमची समज वाढली तसा वजिराऐवजी हत्ती उतरू लागला, हत्तीच्या जागी घोडा आला, आणि शेवटी एका प्याद्यावर येऊन ठेपले. ज्या दिवशी आजोबांनी पटावरून काहीच उचलले नाही, त्या दिवशी आम्हांस जो अभिमान वाटला तो मुंजीच्या दिवशीही वाटला नव्हता. त्या डावात आम्ही सपाटून हरलो, ही गोष्ट वेगळी.

दुबळ्या गड्यास काही सवलत देऊन सामना सारखा करावा, ही कल्पना जगभर आहे. इंग्रजीत तिला 'हँडिकॅप' म्हणतात. या शब्दाचा जन्म मोठा मौजेचा आहे. सतराव्या शतकात इंग्लंडात वस्तूंच्या अदलाबदलीचा एक खेळ होता. दोन वस्तूंच्या किमतीत जी तफावत असेल ती एक पंच ठरवी, आणि सौदा मान्य की अमान्य हे दोघेही टोपीत हात घालून दाखवीत. 'टोपीतला हात' म्हणजेच हँडिकॅप. पुढे हा शब्द घोड्यांच्या शर्यतीत गेला आणि वेगवान घोड्याच्या पाठीवर जादा वजन लादण्याची रीत त्या नावाने रूढ झाली. शब्दाच्या मुळाशी खेळ नसून सौदा आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. कारण आमची सारी कथा त्या सौद्याचीच आहे.

सन 1986 मध्ये आम्ही अमेरिकेतील इलिनॉय राज्यात संख्याशास्त्राचे शिक्षण घेत होतो. बिलियर्डचा नाद मात्र पुण्याहूनच सोबत आला होता. 1958 साली कलकत्त्यास जगज्जेते झालेले विल्सन जोन्स पुण्यात जन्मलेले, आणि स्नूकर हा खेळच मुळी 1875 साली जबलपूरच्या लष्करी छावणीत निघालेला. तेव्हा या विद्येवर आपला काही वडिलोपार्जित हक्क आहे अशी आमची समजूत होती. कॉलेजात असताना एका क्लबातील मार्करने आम्हांस क्यू धरावयास शिकविले होते. तेवढ्या शिदोरीवर आम्ही विद्यापीठानजीकच्या एका पूलघरात जाऊ लागलो.

तेथे जो खेळ चाले त्यास 'नाइन बॉल' म्हणतात. टेबलावर एक ते नऊ आकड्यांचे चेंडू मांडतात. पांढऱ्या चेंडूने प्रथम सर्वांत लहान आकड्याच्या चेंडूस स्पर्श केला पाहिजे, आणि नऊ आकड्याचा चेंडू जो नियमाने खिशात घालील तो डाव जिंकतो. बलवान गड्याने दुबळ्यास जी सूट द्यावयाची तिला तेथे 'वजन' म्हणतात, आणि तिचे प्रकार अनेक. 'आठ दिला' म्हणजे दुबळा गडी आठचा चेंडू घालूनही डाव जिंकू शकतो. बलवानास मात्र नऊच घातला पाहिजे. 'सात दिला' म्हणजे सूट आणखी वाढली. कधी प्रत्येक डावाची सुरुवात करण्याचा मान देतात. कधी 'तारेवर डाव' देतात. टेबलाच्या वर मणी ओवलेली एक तार बांधलेली असे आणि जिंकलेल्या डावांची गणती त्या मण्यांनी होई. प्रथम नऊ डाव जिंकणाराचा सामना असेल, तर दुबळ्याचे दोन मणी खेळापूर्वीच सरकवून ठेवावयाचे.

हे 'वजन' ठरविण्याची बोलणी प्रत्यक्ष खेळाहून लांबत. आपल्याकडील लग्नाच्या देण्याघेण्याची बैठक ज्यांनी पाहिली आहे, त्यांस या बोलण्यांचे वर्णन करून सांगावयास नको. तेथे दोन्ही पक्ष आपण किती गरीब आहोत हे सांगतात, येथे दोन्ही गडी आपण किती दुबळे आहोत हे सांगतात, इतकाच काय तो फरक.

अशा खेळाडूंचा त्या देशात एक स्वतंत्र इतिहास आहे. इलिनॉयच्याच जॉन्स्टन सिटी नामक लहानशा गावी 1961 पासून जान्स्को बंधूंनी अशा पैजबहाद्दरांचे सामने भरविले. तेथे स्पर्धेच्या बक्षिसाहून रात्री चालणाऱ्या खासगी पैजांचे आकर्षण अधिक असे. 1972 साली सरकारी अधिकाऱ्यांची धाड पडली आणि तो मेळा मोडला. या जगात नाव होणे हेच मोठे संकट. कारण नामवंताशी पैसे लावून खेळणार कोण? फिलिपाइन्सचे एफ्रेन रेयेस 1985 साली प्रथम ह्यूस्टनला आले ते 'सीझर मोरालेस' या उसन्या नावाने, आणि तेथील स्पर्धा जिंकून गेले. 1999 मध्ये ते स्वतःच्या नावाने नाइन बॉलचे जगज्जेते झाले. परंतु हे सारे आम्हांस मागाहून कळले. आमच्यासमोर जो आला, त्याचे नाव खरे की उसने, हे आम्ही आजही सांगू शकत नाही.

तो साठीचा गृहस्थ होता. जाड भिंगांचा चष्मा, अंगात कारखान्यातला निळा सदरा, बोलणे अत्यंत मृदू. आम्हांस तो 'बेटा' म्हणे. सप्टेंबरात आम्ही डावामागे पाच डॉलर लावून खेळू लागलो आणि ऑक्टोबर अखेरपर्यंत त्याच्याकडून सुमारे 140 डॉलर जिंकले. सोपा चेंडू चुकला की तो हसून मान हलवी व म्हणे, "डोळे गेले माझे."

त्या वेळी आमच्यापाशी 1,200 डॉलर शिल्लक होते. विद्यापीठाच्या तुटपुंज्या वेतनातून, दोन वेळच्या जेवणाचे एक वेळ करून, ते आम्ही साठविले होते. डिसेंबरात आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाचा समारंभ होता. घरातून पत्रावर पत्र येत होते. धाकट्या काकांनी लिहिले होते, "आजोबा विचारतात, परदेशचा पाहुणा येणार ना? पट पुसून ठेवला आहे." ते पैसे विमानाच्या तिकिटाचे होते.

नोव्हेंबरातील एका रात्री तो गृहस्थ म्हणाला, "बेटा, पाच डॉलरांत मन रमत नाही. नऊ डावांचा सामना खेळू. वजन तूच सांग." आम्ही आठचा चेंडू मागितला. त्याने बराच वेळ कुरकुर करून तो दिला. पैज 300 डॉलरांची होती.

संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याने गणित केले नसेल असे वाचकांनी समजू नये. एका डावात जिंकण्याचा संभव शंभरांत 55 असेल, तर प्रथम नऊ डाव जिंकण्याच्या सामन्यात तो शंभरांत सुमारे 66 होतो. आणि एका डावाचा संभव 60 असेल तर सामन्याचा सुमारे 80. लहानसा वरचष्मा सामना जितका लांब तितका मोठा होत जातो. दोन महिन्यांचे डाव आम्ही वहीत टिपून ठेवले होते. आठचा चेंडू मिळाल्यावर आमचा वरचष्मा 60 च्याही पुढे जातो, असे वही सांगत होती. गणितात चूक नव्हती. परंतु वहीतला प्रत्येक आकडा त्या गृहस्थाने स्वतःच्या हाताने आम्हांस पुरविलेला होता, एवढी एकच गोष्ट आम्ही हिशेबात धरली नव्हती.

पहिला सामना आम्ही 9–7 असा हरलो. "नशीब माझे," तो म्हणाला. दुसऱ्या सामन्यास त्याने आठाबरोबर तारेवर दोन डाव दिले; पैज 600 ची झाली; आम्ही 9–8 असे हरलो. शेवटचे 300 लावले तेव्हा त्याने सातही दिला. तो सामना 9–6 असा गेला. पहाटे तीन वाजता आम्ही बर्फातून खोलीवर परत आलो.

या धंद्यातील खरे कसब जिंकण्यात नसून थोडक्यात जिंकण्यात आहे. मोठा पराभव माणसास शहाणा करतो. निसटता पराभव त्यास फिरून टेबलाशी आणतो. प्रत्येक वेळी आम्हांस वाटे, आणखी एक चेंडू मिळाला असता तर! आणि तो आणखी एक चेंडू देत असे. टेबलास सहा खिसे असतात. त्या रात्री त्याचे सारे लक्ष सातव्या खिशाकडे होते, आणि तो आमच्या कोटास होता.

तथापि त्या गृहस्थास चोर म्हणावयास आमची जीभ धजत नाही. त्याने एकही नियम मोडला नाही. शिवाय आम्ही तरी तेथे बरोबरी मागावयास कुठे गेलो होतो? आठचा चेंडू मागताना आपण आता वरचढ झालो, एका म्हाताऱ्याचे डोळे गेले ते आपल्या पथ्यावर पडले, हाच विचार आमच्या मनात होता. तो आम्हांस लुबाडू पाहत होता आणि आम्ही त्यास. सौद्यात दोघेही खोटे होते. तो अधिक जाणता होता इतकेच.

दुसऱ्या दिवशी आम्ही घरी पत्र लिहिले, की परीक्षा पुढे ढकलली गेल्यामुळे येणे शक्य नाही. आजोबांचे उत्तर आले. त्यात एवढेच होते: "विद्या आधी. पट काही पळून जात नाही. अनेक आशीर्वाद." पुढच्या पावसाळ्यात आजोबा गेले. आम्ही परत आलो तेव्हा पट माळ्यावर होता. परीक्षेची ती थाप आमच्या वडिलांनाही खरी वाटली, आणि त्यांच्या हयातीत ती खोडून काढण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. ते आज येथे, या पानावर, उशिराने करीत आहोत.

गेल्या दिवाळीत आमचा आठ वर्षांचा नातू बुद्धिबळाचा हट्ट धरून बसला. आम्ही पट मांडला आणि हात आपोआप वजिराकडे गेला. तिसऱ्या डावात त्याने आमचा एक हत्ती मारला, मग दुसरा मारला, आणि मात केली. आनंदाने तो घरभर नाचून आला. मग आमच्याजवळ येऊन हळूच विचारता झाला, "आजोबा, तुम्ही मुद्दाम हरलात ना?"

आम्ही क्षणभर गप्प राहिलो. मुद्दाम हरणारी दोन माणसे आम्ही आयुष्यात पाहिली. एकाने आम्हांस खेळात टिकवून धरण्यासाठी हार पत्करली, दुसऱ्याने आम्हांस जाळ्यात ओढण्यासाठी. पटाच्या किंवा टेबलाच्या या बाजूने पाहता दोघांची चूक अगदी सारखीच दिसते. मोठ्याने सोडलेला डाव लहानास कोठे नेतो, एवढाच त्यांत भेद. आणि तो कळावयास कधी कधी फार उशीर होतो.

"होय बाळा," आम्ही म्हणालो, "मुद्दाम हरलो."

त्याने थोडा विचार केला, वजीर उचलून आमच्या घरात ठेवला आणि म्हणाला, "मग आता खरे खेळा."

तो डाव आम्ही जिंकलो. नातू रडला नाही. त्याने पुन्हा मोहरी लावावयास घेतली.