उरलेले ताट

मे महिना लागला की आमच्या घरात दरवर्षी एक वाक्य फिरते : "यंदा सगळे मिळून कुठंतरी जाऊ या!" आणि ते 'कुठंतरी' बहुधा आमच्याच गच्चीवर, आंब्याच्या पाटीपाशी येऊन थांबते. २०२३च्या मे महिन्यात मात्र सासूबाईंनीच विषय काढला. म्हणाल्या, "माझे गुडघे चालताहेत तोवर सगळ्या नातवंडांना घेऊन एकदा व्याडेश्वराला जाऊन येऊ." गुहागरचा व्याडेश्वर हे आमचे कुलदैवत. मग नाही कोण म्हणणार?

मधले भावोजी, धाकटे भावोजी आणि वन्सं, सगळे आपापल्या बिऱ्हाडासह आदल्या दिवशी साताऱ्याला आमच्याकडे आले. नऊ मोठी माणसे आणि सात मुले. मुलांत सर्वांत मोठा माझा तेरा वर्षांचा बंड्या, सर्वांत धाकटे वन्संचे चौदा महिन्यांचे बाळ. टेंपो ट्रॅव्हलर ठरवली, म्हणजे वेगवेगळ्या गाड्यांची पांगापांग नको.

तयारी अर्थातच आम्हा तिघी जावांकडे. मैत्रिणींनो, उन्हाळ्यात प्रवासाला बटाट्याची भाजी नेऊ नका. दुपारपर्यंत ती आंबते. आम्ही दुधात भिजवलेल्या दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, दाण्याची चटणी, भडंग आणि गूळपोळ्या घेतल्या. प्रत्येक मुलाचा एक कपड्यांचा जोड, जुना पंचा आणि दोन प्लास्टिकच्या पिशव्या अशा सात पुरचुंड्या बांधून हाताशी ठेवल्या. मोठ्या बॅगा टपावर गेल्या की घाटात त्या काय कामाच्या? साखर-मिठाची डबीही बरोबर घेतली. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. हे प्रमाण मी स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवूनच ठेवले आहे.

सगळे आवरून मी अंथरुणाला पाठ टेकली तेव्हा बारा वाजून गेले होते, आणि तीनला उठून पुन्हा चहाचे आधण ठेवले. हे सांगते आहे ते कौतुकासाठी नव्हे. त्याचा पुढच्या गोष्टीशी संबंध आहे.

पाचला निघायचे ठरवून सव्वासहाला निघालो. "गणपतीबाप्पा मोरया!" झाले. गाडी सुरू होण्यापूर्वी मी दारात उभी राहून माणसे मोजली. सोळा. वाटेत चहाला थांबलो, चढताना पुन्हा मोजली. सोळा. उंब्रजहून पाटणच्या रस्त्याला लागलो, कोयनानगरला झाडाखाली बसून दशम्या खाल्ल्या, गाडीत चढताना पुन्हा सोळा. हे मला चिडवू लागले, "कंडक्टरबाई, तिकिटंही फाडा आता!" पण माझ्या मोजण्याचा सगळ्यांना एक प्रकारचा आधार वाटत होता. वहिनी मोजताहेत ना, मग झालं!

कुंभार्ली घाटाने मात्र आमची परीक्षा पाहिली. पहाटे मुलांना पेलाभर दूध देण्याची चूक आम्ही केली होती, ती एकेका वळणावर बाहेर येऊ लागली. गाडी लागते ती पोट बिघडल्यामुळे नव्हे. डोळ्यांना समोरची सीट स्थिर दिसते, कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला वळणे जाणवतात, आणि दोघांचा मेळ बसत नाही. म्हणून अशा मुलाला पुढे बसवावे, लांब रस्त्याकडे पाहायला सांगावे, गोष्टीचे पुस्तक नाहीतर मोबाईल हातात देऊ नये. पोट अगदी रिकामेही नको आणि तुडुंबही नको. गोळी द्यायची तर मुलाच्या वयाप्रमाणे डॉक्टरांना विचारून आणि निघण्यापूर्वी द्यावी. ओकारी सुरू झाल्यावर तिचा काय उपयोग?

धाकटीला, म्हणजे माझ्या धाकट्या जावेला, तर मुलांपेक्षाही जास्त त्रास झाला. ती बिचारी खिडकीला डोके टेकून डोळे मिटून बसली होती आणि तिचा तीन वर्षांचा सोनू तिच्या मांडीवर किरकिरत होता. मीच म्हटले, "आण गं त्याला इकडं. तू पड जरा." मी त्याला घेतले, थोपटले आणि झोप लागल्यावर अगदी मागच्या लांब सीटवर बॅगांच्या आडोशाला निजवले. ऊन लागू नये म्हणून वर पातळ चादर घातली.

अकराच्या सुमाराला चिपळूणला जेवायला थांबलो. घाट उतरला की कोकणचा उकाडा कसा अंगावर येतो, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना सांगायला नको. सगळ्यांना उतरायची घाई. वन्संना बाळाचे कपडे बदलायचे होते, मधलीची मनी ओकून ओली झाली होती, धाकटीला तिच्या नवऱ्याने हाताला धरून उतरवले. सासूबाईंचे गुडघे आखडलेले, त्यांना धरून मी पायरी उतरवत होते. उतरता उतरता मी मागे वळून म्हटले, "सोनूला घ्या रे कुणीतरी!"

हे 'कुणीतरी' नावाचे माणूस आमच्या गाडीत नव्हतेच.

ड्रायव्हरने काचा लावल्या, दार ओढून घेतले आणि तो चहा प्यायला गेला.

खाणावळीत आम्ही नऊ मोठी ताटे आणि मुलांसाठी सहा छोटी ताटे सांगितली. वाढणारा मुलगा ताटे मांडत गेला. हातपाय धुऊन एकेक जण येऊन बसला. मुलांच्या ओळीत पाच मुले बसली. भात वाढला, वरण वाढले, आणि तो मुलगा सहाव्या ताटापाशी थांबून म्हणाला, "इथं कोण बसणार?"

धाकटीने माझ्याकडे पाहिले. मी मधल्या भावोजींकडे पाहिले. ते म्हणाले, "मला वाटलं, आईजवळ आहे." सासूबाई म्हणाल्या, "माझ्याजवळ? माझ्याजवळ कुठं?"

मी कशी धावले ते मला आठवत नाही. पायात चप्पल नव्हती आणि डांबर पोळत होते, एवढे आठवते. दार बंद. ड्रायव्हर समोरच्या टपरीवर, किल्ली त्याच्याकडे. काचेला हात लावला तर हाताला चटका बसला. आतून आवाज नाही. भावोजींनी ड्रायव्हरला हाक मारली, तो पळत आला, दार उघडले. आतली हवा भट्टी उघडल्यासारखी तोंडावर आली.

सोनू जागा झाला होता. दोन सीटच्या मध्ये उतरून उभा होता. चेहरा लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले, अंग घामाने निथळत होते. रडून रडून घसा बसला होता. मला पाहून तो एवढेच म्हणाला, "काकू, दाल उघडत नव्हतं."

त्याला सावलीत नेले. कपडे काढले, ओल्या पंचाने अंग पुसले, घोट घोट पाणी पाजले. जवळच दवाखाना होता. डॉक्टरांनी तपासले. मूल शुद्धीवर होते, घाम येत होता, पाणी पोटात टिकत होते. ते म्हणाले, "थोडक्यात निभावलं. वेळेवर लक्षात आलं तुमच्या." सगळा मिळून पंधरा मिनिटांचा मामला असेल. पण उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीत पहिल्या दहा मिनिटांतच तापमान दहाएक अंश सेल्सियसने चढते आणि काच दोन बोटे उघडी ठेवल्याने त्यात फारसा फरक पडत नाही. लहान मुलाचे अंग मोठ्या माणसाच्या तिप्पट ते पाचपट वेगाने तापते. अशा मुलाला ग्लानी आली, ते असंबद्ध वागू लागले, अंग तापून उलट्या किंवा झटके आले, तर क्षणाचाही उशीर करू नये. अंग ओले करीत सरळ दवाखाना गाठावा. हे सगळे मी नंतर समजून घेतले. तेव्हा मला फक्त ते रिकामे ताट दिसत होते.

चिपळूणपासून गुहागर पंचेचाळीस किलोमीटर. गाडीत कुणी बोलले नाही. कुणी मला दोषही दिला नाही. दिला असता तर बरे वाटले असते. धाकटी सोनूला छातीशी धरून खिडकीकडे तोंड करून बसली होती. मी एकदा म्हटले, "दे, मी घेते." ती म्हणाली, "राहू द्या, वहिनी." एवढेच. पण त्या 'राहू द्या'ने माझ्या काळजाला जो चरा पडला तो अजून बुजलेला नाही.

व्याडेश्वराचे दर्शन झाले. सासूबाईंनी सातही नातवंडांना ओळीने नमस्कार करायला लावला. संध्याकाळी समुद्रावर गेलो. मुले वाळूत किल्ले करीत होती, मोठी माणसे गप्प. तेव्हा सासूबाईंनी मुलांना बोलावून गोष्ट सांगायला घेतली. तुम्हालाही ठाऊक असेल. दहा जण नदी ओलांडून जातात. पलीकडे गेल्यावर एकेक जण मोजतो आणि नऊच भरतात, कारण मोजणारा स्वतःला मोजायला विसरतो. मुले खिदळली. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. आम्हा मोठ्यांकडे वळून म्हणाल्या, "सकाळपासून ही एकटी मोजत होती. हिला कुणी मोजलं? तीनला उठलेली बाई. आणि काय रे, चढताना मोजायचं आणि उतरताना नाही, ही कुठली रीत? माणूस मागं राहतो तो उतरतानाच."

मला रडू आवरेना. मी म्हटले, "आई, चूक माझीच आहे. मी त्याला घेतलं होतं."

"तुझीही आहे," त्या म्हणाल्या. त्यांनी मला पाठीशी घातले नाही, आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. "पण नऊ जण उतरले त्या गाडीतून. सातबाऱ्यावर जसं नाव लागतं, तसं उद्यापासून एकेक पोर एकेकाच्या नावावर लावायचं. सगळ्यांचं पोर म्हणजे कुणाचंच नव्हे."

त्याच रात्री वाटणी झाली. आई-बापांना स्वतःची मुले द्यायची नाहीत, असा सासूबाईंचा कटाक्ष. मुलाला दुसऱ्याच्या हाती द्यायचे तर नाव घेऊन द्यायचे आणि त्याने 'घेतलं' म्हणायचे. वन्संचे बाळ आमच्या यांच्या वाट्याला आले! उभ्या आयुष्यात ज्यांनी स्वतःच्या मुलांचे दुपटे बदलले नाही, ते गृहस्थ दुसऱ्या दिवशी खांद्याला बाळाची पिशवी अडकवून वेळणेश्वराच्या वाळूत फिरत होते. बंड्या म्हणाला, "मग आजी माझ्या नावावर." आणखी एक काम त्याच्याकडे आले : सगळ्यांत शेवटी उतरायचे आणि मागच्या सीटपासून दारापर्यंत चादरी उचलून, सीटखाली वाकून बघत यायचे. त्यालाही कामाचा मान वाटला.

राहता राहिला सोनू. सगळी नावे झाली तरी त्याचे नाव कुणी घेईना. धाकटी पायाशी पाहत होती. मीही मुकाट होते. कोणत्या तोंडाने मागणार? सासूबाईही काही बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी हेदवीच्या दशभुजा गणपतीचे दर्शन घेऊन आम्ही तवसाळला आलो. तिथे गाडीसकट बोटीत चढून खाडीपलीकडे जयगडला जायचे होते. गाडी बोटीत जाते हे पाहून मुलांचे डोळे विस्फारले. सगळे खाली उतरून उभे राहिले. वारा सुटला होता. धाकटी माझ्याजवळ आली. सोनू तिच्या कडेवर होता. ती म्हणाली, "वहिनी, सोनूला घ्या."

मी हात पुढे केले. ती लगेच सोडेना. माझ्याकडे बघत थांबली.

"घेतलं," मी म्हटले.

मग तिने सोडले.

जयगडहून मालगुंडवरून गणपतीपुळ्याला गेलो. तिथला समुद्र दिसायला देखणा, पण पोहायला धोक्याचा. सात मुले मोठ्यांच्या हाताला धरून पाण्याच्या कडेने चालली. टेकडीची प्रदक्षिणा केली. परत येताना आंबा घाट लागला, पुन्हा ओकाऱ्या झाल्या, पण त्याचे आता कुणाला काही वाटेना. रात्री साताऱ्याला दारात उतरलो तेव्हा मी पायरीशी उभी राहून मोजत होते. पंधरा झाले. शेवटी बंड्या चादर खांद्यावर टाकून उतरला आणि म्हणाला, "आई, गाडीत कुणी नाही."

मी मागच्या सीटपर्यंत जाऊन एकदा पाहून आले. त्याला वाईट वाटले असेल, पण माझा इलाज नव्हता.