लांब फळीच आण

भाट्ये,
कोजागिरीचा दुसरा दिवस

चि. बाळ,


मुळशीच्या पाण्यात तू आता तासभर न पडता फळीवर उभ्याने वल्हवतेस, हे दादाने फोनवर सांगितलं तेव्हा फार बरं वाटलं. दिवाळीला लाटांत उतरायचं म्हणून तू लहान फळी घ्यायच्या विचारात आहेस म्हणे. घेऊ नकोस. आहे तीच दहा-साडेदहा फुटांची, बत्तीस इंच रुंद फळी घेऊन ये. का ते सविस्तर लिहिते, कारण फोनवर तू मध्येच बोलतेस.

आपला किनारा सपाट. पाण्याची खोली लाटेच्या उंचीहून जेमतेम थोडी जास्त उरली की लाट फुटते. तळ एकदम वर आला तर ती धाडकन कोसळते. भाट्याला तो सावकाश वर येतो, म्हणून लाट माथ्यावरून फेस सांडत लांबवर चालत राहते. तिच्यात ढकलायचा जोर कमी. पोटावर पडून हातांनी पाणी मारणाऱ्याच्या लहान फळीखालून ती पुष्कळदा नुसतीच निघून जाते. वल्हं हाती असलं तर फळीला आधीच वेग देता येतो आणि लाट फुटण्यापूर्वी, नुसती फुगलेली असतानाच तिच्यावर चढता येतं. लहान फळीही मी वापरली आहे. वळते झरकन, पण थांबलीस की पायाखाली बुडू लागते. आणि इथे थांबावंच फार लागतं. इतकी वर्षं या एकाच किनाऱ्यावर काढल्यावर मला वाटतं, उभ्याने वल्हवायची फळी जणू अशाच मऊ लाटांसाठी केली असावी. मोठ्या लाटांच्या गावाला जायची ओढ मला कधीच लागली नाही.

उभं राहण्याचा दुसरा लाभ नजरेचा. हवाईतल्या वायकिकीला लाटा शिकवणारी माणसं विसाव्या शतकाच्या मध्यात वल्हं घेऊन फळीवर उभी राहायची. शिकाऊ मंडळी आणि मागून येणारी लाट, दोन्हींवर लक्ष राहायचं. पुढे 2000 च्या आसपास लेअर्ड हॅमिल्टनसारख्यांनी त्याचा वेगळा खेळ केला. आपल्याकडे मुल्कीची तन्वी जगदीश या खेळात भारतातर्फे जागतिक स्पर्धांत उतरली. तिच्याबद्दल जरूर वाच. पण मूळ काम बघण्याचं होतं हे मला फार महत्त्वाचं वाटतं. बसलेल्या माणसाला पुढची लाट दिसते, उभ्या माणसाला तिच्या मागच्या दोन. त्यामुळे पहिली सोडून द्यायचं धैर्य येतं. तू पहिल्या सकाळी बऱ्याच सोडून दे.

पाणी एका जागी थांबत नाही, म्हणून खुणा पक्क्या कर. दक्षिणेला झरी विनायक, मागे सुरूचं बन, उत्तरेला खाडीपलीकडे रत्नदुर्गाचं टोक. देऊळ आणि एखादं उंच झाड एका रेषेत धर. रेषा मोडली की तू वाहत चालली आहेस. खाडीच्या मुखाकडे मात्र जायचंच नाही. अंजणारीवरून येणारी काजळी तिथे समुद्राला मिळते. ओहोटीला आत साठलेलं सगळं पाणी त्या अरुंद वाटेने बाहेर धावतं आणि गाळाच्या दांड्यावर लाटा उलटसुलट फुटतात. राजीवड्याच्या होड्याही तिथे पाणी बघूनच आत-बाहेर करतात. तिथली वाट त्यांची आहे, आपण त्यात यायचं नाही.

आता फेसातून बाहेर कसं जायचं ते. मुळशीला हे शिकता येणार नाही. नाक सरळ लाटेकडे ठेव, जराही तिरपं नको. गुडघे वाकव, एक पाय थोडा मागे घे. फेस पोचायच्या क्षणी वल्हं त्याच्या पलीकडे टाक आणि ओढ. पातं पाण्यात आहे तोवर तुला तिसरा पाय आहे. बहुतेक जण नेमके त्याच क्षणी वल्हं वर उचलतात आणि पडतात. फळी कधीही तुझ्या आणि लाटेच्या मध्ये येऊ देऊ नकोस, ती अंगावर येते. पडायचं ते पसरट, डोकं खाली करून कधीच नाही, कारण खाली कंबरभरच पाणी असतं. वल्हं मुळशीला डोक्याच्या वर वीतभर उंच ठेवतेस, इथे अर्धीच वीत. आणि समोर पोहणारं माणूस दिसलं तर लाट कितीही सुंदर असली तरी सोडायची. एवढी जड फळी पोराच्या डोक्याला लागणं मला कल्पनेतही सहन होत नाही.

हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा लाटांचा अंदाज बघताना नुसती उंची पाहू नकोस, दोन लाटांमधले सेकंद बघ. दूर दक्षिण महासागरातून आलेल्या लाटा बारा-चौदा सेकंदांच्या, ऐसपैस. थंडीत आखाताकडच्या शमाल वाऱ्यांनी उठलेल्या वायव्येच्या लाटा सहा-आठ सेकंदांच्या. त्या श्वास घेऊ देत नाहीत. म्हणून दिवाळीची वेळ चांगली. पावसाळ्याचा समुद्र निवलेला असतो आणि वायव्येचा जोर अजून यायचा असतो.

भरतीची वेळ आपली जुनीच, तिथीची पाऊणपट. वसुबारस म्हणजे द्वादशी, बाराची पाऊणपट नऊ. ढोबळ हिशेब आहे, थोडं मागेपुढे होतं. साडेसहाला पाण्यात उतरलो तर चढतं पाणी आणि जमिनीवरून येणारा मतलई वारा, दोन्ही मिळतील; त्या वाऱ्याने लाटेचं तोंड नीट उभं राहतं. दहानंतर खारा वारा सुटतो, तेव्हा बाहेर यायचं. धनत्रयोदशीला पाऊण तास उशिरा. तेव्हा एकादशीच्या रात्रीपर्यंत पोच. आजीने तुझ्यासाठी फराळाचा डबा आधीच बाजूला काढलाय.

पायाला बांधायची गुंडाळीची दोरी तळ्यासाठी ठीक. लाटांत ती ताणून फळी परत अंगावर आणते. सरळ, फळीइतकी लांब दोरी घेऊन ये. पुण्यात मिळाली नाही तर लगेच कळव, माझ्याकडची जुनी आहे, तिचा वेल्क्रो बदलून ठेवते.

तुझी,
आत्या