क्यूबेकची बस आणि आईची भरती-ओहोटी

उन्हाळा लागला की इथल्या बहुतेक मराठी घरांत एकच प्रश्न पडतो. भारतातून आई-वडील आलेले असतात, त्यांना न्यायचं कुठे? उत्तरही ठरलेलंच असतं : नायगारा. दुसऱ्या खेपेला सहस्र बेटं, तिसऱ्या खेपेला पुन्हा नायगारा, ह्या वेळी रात्रीचे दिवे बघायला. आमच्या आईचं हे सगळं दोन-दोनदा झालं होतं. म्हणून २०२३ च्या ऑगस्टअखेर शाळा उघडायच्या आत आम्ही क्यूबेक सिटी गाठायचं ठरवलं, आणि तिथून पुढे समुद्राकडे जायचं ते बसने.

बसने का, ह्यावर घरात बरीच चर्चा झाली. दारात गाडी उभी असताना तिकिटं कशाला काढायची, हा मुलांचा प्रश्न. पण आमच्या गाडीतला प्रवास कसा असतो? एकाचे डोळे रस्त्यावर, दुसरीचे फोनमधल्या नकाशावर, मागे मुलांच्या कानांत बोंडं, आणि आई खिडकीतून ४०१ च्या कडेच्या आवाज अडवणाऱ्या भिंती बघत बसलेली. मिसिसागा ते क्यूबेक सिटी हे आठशेच्या वर किलोमीटर आम्ही असेच गेलो. निदान पुढचा एक दिवस तरी सगळ्यांनी एकाच बाजूला बघावं अशी इच्छा होती.

खरं कारण दुसरंच होतं. २०२१ च्या एप्रिलमध्ये पुण्यात बाबा गेले. २२ एप्रिलपासून कॅनडाने भारतातून येणारी थेट विमानं बंद केली होती. जायचं कसं आणि गेलो तर परत यायचं कसं, ह्या गोंधळात आम्ही सगळं फोनच्या पडद्यावर पाहिलं. ज्यांच्यावर ती वेळ आली त्यांना जास्त सांगायला नको. त्यानंतर आईला सुपर व्हिसावर आणलं, तळमजल्यावरची खोली तिच्यासाठी करून घेतली. आता एका खेपेला पाच वर्षं राहता येतं, तेव्हा प्रश्न सुटला असं आम्ही धरून चाललो होतो. आई मात्र त्या विषयावर बोलायची नाही. ‘बघू’ म्हणायची. मराठी घरात ‘बघू’ म्हणजे काय ते आपण सगळे जाणतो.

क्यूबेक सिटीबद्दल थोडक्यात. शांप्लेनने १६०८ साली वसवलेलं हे गाव, म्हणजे शनिवारवाड्याहून सव्वाशे वर्षं जुनं. मेक्सिकोच्या उत्तरेला तटबंदी शाबूत असलेलं हे एकच शहर, १९८५ पासून युनेस्कोच्या यादीत. आईने तट पाहिला, दरवाजे पाहिले आणि ‘आपल्याकडे ह्याच्यावर लोकांनी नावं कोरली असती’ एवढा एक शेरा दिला. चढ-उतार फार असल्याने आम्ही तिला जास्त फिरवलं नाही.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, सकाळी आठला बस निघाली. ही बस सेंट लॉरेन्सच्या उत्तर काठाने पूर्वेकडे जाते. शहर संपतं न संपतं तोच डाव्या हाताला मॉन्टमोरन्सी धबधबा : ८३ मीटर, म्हणजे नायगारापेक्षा ३० मीटर उंच. (ही माहिती नायगाराला चौथ्यांदा नेणाऱ्यांनी जपून ठेवावी.) उजवीकडे ऑर्लिअन्सचं बेट. मग सेंत-आन-द-बोप्रेची बॅसिलिका. इथे सतराव्या शतकापासून नवस बोलायला लोक येतात. बऱ्या झालेल्यांनी ठेवलेल्या कुबड्या आत खांबांवर लावलेल्या आहेत. हे कळल्यावर आईने बसल्या जागेवरून हात जोडले. धर्म कुठला हा प्रश्न तिला पडला नाही.

पुढे शार्लव्हॉ सुरू होतं आणि रस्ता घाटासारखा वर-खाली व्हायला लागतो. हा मुलुख एका उल्केने घडवलेला आहे. सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वी ती इथे आदळली आणि ५४ किलोमीटर रुंदीचं विवर झालं. त्याचा निम्मा भाग आज नदीखाली आहे. आपलं लोणारचं सरोवर पावणेदोन-दोन किलोमीटरचं, त्यावरून अंदाज करावा. धाकट्याने कानातलं बोंड काढलं ते इथे. ‘आपण आत्ता विवराच्या आत आहोत?’ होय, आणि बे-सें-पॉलचं सगळं गावही आत आहे.

नऊ-साडेनऊला आईने पिशवीतून डबा काढला. गुळपापडीच्या वड्या. पलीकडच्या सीटवर एक क्यूबेकच्या आजीबाई होत्या, त्यांना इंग्रजी जेमतेम, आईला फ्रेंच शून्य. आईने डबा पुढे केला आणि अस्सल मराठीत ‘घ्या हो, गोड आहे’ म्हणाली. त्यांनी घेतली, डोळे मोठे केले आणि फ्रेंचमध्ये बरंच काही सांगितलं. पुढचा अर्धा तास दोघी आपापल्या भाषेत बोलत होत्या. आमच्या मुलांना शाळेत फ्रेंच आहे, पण दुभाषाची गरज कोणाला वाटली नाही.

डब्याच्या खाली पिशवीत एक नारळ होता. तो आमच्या नकळत मिसिसागाहून आला होता. तारीख ३० ऑगस्ट. अधिक श्रावण येऊन गेल्यामुळे त्या वर्षी नारळी पौर्णिमा लांबली होती ती नेमकी ह्या दिवशी, आणि हे घरात फक्त आईला ठाऊक होतं. तिचं माहेर दाभोळच्या खाडीकाठचं. पुण्यात पन्नास वर्षं काढूनही पौर्णिमा-अमावास्येला तिच्या तोंडी भरतीची वेळ येतेच.

ती वेळ काढायची रीत कोकणातल्या वाचकांना माहीत असेल. तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता, आणि पौर्णिमेला पंधरा गुणिले पाऊण म्हणजे सव्वाअकरा. रोज भरती पाऊण तासाने पुढे सरकते, त्याचा हा कोळ्यांनी केलेला हिशोब. घड्याळातली पाच-दहा मिनिटं इकडे तिकडे, पण होडी लोटायला पुरेसा.

‘सव्वाअकराला पोचू ना रे?’ आईने विचारलं. ‘भरती असेल तेव्हा नारळ द्यायचा.’

बे-सेंत-कॅथरीनला रस्ता संपतो. पुढे साग्ने नदीचं खोल पात्र आडवं येतं, त्यावर पूल नाही. बस सरळ बोटीत चढते, दहा मिनिटांत पलीकडे उतरते, आणि ह्या बोटीला तिकीट नाही. ‘अगंबाई, ही तर आपली जंगलजेटी!’ आई उभीच राहिली. दाभोळहून धोपाव्याला हल्ली अशीच बोट गाड्या नेते. तिच्या लहानपणी तिथे होडी होती, आणि पावसात तीही बंद.

टाडूसाकला उतरलो तेव्हा बरोबर सव्वाअकरा. १६०० साली फ्रेंचांनी इथे कातड्यांच्या व्यापाराचं ठाणं घातलं; १७४७ मधलं लाकडी चर्च अजून उभं आहे. आईला त्यात रस नव्हता. ती किनाऱ्यावर गेली आणि थबकली. पाणी खूप खाली होतं. खडक उघडे, त्यावर ओलं शेवाळ. तिने वाकून एक बोट बुडवलं, जिभेला लावलं. ‘खारट आहे. पण आपल्याइतकं नाही. आणि भरती नाही, भरती यायची आहे.’ चेहरा असा, जणू कोणीतरी तिला फसवलं.

आमचा पोटापाण्याचा धंदा पंप आणि पाइपांचा, त्यामुळे पाणी उशिरा का पोचतं हे सांगायचा मोह आवरला नाही. भरतीची लाट अटलांटिकमधून आखातात शिरते आणि तिथून नदीच्या तोंडात चढत येते. चंद्र डोक्यावर आला म्हणून पाणी लगेच हजर होत नाही, वाटेत तासन् तास मोडतात. आईने ऐकून घेतलं. ‘म्हणजे पाऊणपट तीच. वर किती मिळवायचे ते बघायला पाहिजे.’ एवढंच म्हणाली. आम्ही मास्टर्सला असताना रेषेचा चढ आणि तिची सुरुवात ह्यावर एका प्राध्यापकांनी चार तास घेतले होते.

दुपारी व्हेल बघायच्या बोटीत बसलो. अटलांटिकपासून हजारावर किलोमीटर आत आलेली, तीनशे मीटरहून खोल अशी समुद्रतळाची घळ इथे एकदम संपते. भरतीबरोबर तळाचं थंडगार पाणी वर उसळतं, त्याबरोबर कोळंबीसारखा बारीक जीव, आणि त्याच्या मागे देवमासे. दोन मिंक व्हेल जवळून दिसले. पांढरे बेलुगा लांबून. त्यांच्यापासून ४०० मीटर दूर राहण्याचा नियम आहे. ह्याच बेलुगांच्या शेपटीमागे १९३० च्या दशकात सरकार १५ डॉलर बक्षीस देत असे, का, तर ते कोळ्यांचे मासे खातात. पुढे शास्त्रज्ञांनी तपासलं तेव्हा तो आरोप टिकला नाही, पण तोवर हजारो मारले गेले होते. १९७९ मध्ये शिकार बंद झाली. मोठी म्हणाली, ‘आधी चौकशी करायची ना.’

बोटीवर सूचना झाली की पाण्यात काहीही टाकू नये. आम्ही दोघांनी एकदम आईच्या पिशवीकडे पाहिलं. ‘मला कळतं,’ ती म्हणाली.

साडेतीनच्या सुमारास परत किनाऱ्यावर आलो तर सकाळचे खडक नाहीसे झालेले. पाणी काठोकाठ. आईने नारळ पाण्यात बुडवला, कुंकवाचं बोट लावलं, डोळे मिटून उभी राहिली, आणि नारळ पुसून पिशवीत परत ठेवला. ‘दाखवला. पोचला. उद्या घरी नारळीभात करू.’ मग घड्याळ बघून म्हणाली, ‘चार तास मिळवायचे.’

परतीच्या बसमध्ये मुलं झोपली. आम्ही तिघं मागच्या आडव्या सीटवर. क्यूबेकला भरती टाडूसाकनंतर चारेक तासांनी पोचते, म्हणजे त्या संध्याकाळी लाट आणि आमची बस साधारण बरोबरच वर चढत होतो. आई खिडकीतून ते बघत होती. बघता बघता म्हणाली, ‘दिवाळीच्या आधी मी पुण्याला जाईन म्हणते.’

आम्ही नेहमीचं सगळं बोललो. वय चौऱ्याहत्तर, बीपीच्या गोळ्या, तिसरा मजला, एकटीने कसं राहणार. तिने सगळं ऐकलं. ‘ह्यांचं कपाट मी अजून उघडलेलं नाही,’ ती म्हणाली. ‘कागद आहेत, कपडे आहेत, डायऱ्या आहेत. ते काय तुम्ही फोनवर बघणार? इथे मला काही कमी नाही रे. पण ते काम माझं आहे.’

ह्यावर आमच्यातल्या एकाकडे उत्तर नव्हतं. दुसरीने थोड्या वेळाने विचारलं, ‘आई, आमच्यातलं कोणीतरी बरोबर आलं तर चालेल? कपाट उघडताना?’

‘चालेल की. पण सुट्टी आहे का तुम्हाला?’

सुट्टीचं जमवायचं ठरलं. परत कधी यायचं हे तिने सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. थंडीत एकटी राहण्यावरून आमचं दोघांचं आजही पूर्ण एकमत नाही.

क्यूबेकला उतरलो तेव्हा सव्वासात वाजून गेले होते आणि नदी धक्क्याला टेकली होती. हॉटेलात पोचल्यावर आईने दाभोळला भावाला फोन लावला. तिकडे पहाटेचे साडेपाच, पण मामा त्या वेळी उठलेलेच असतात. व्हेलबद्दल ती एक वाक्य बोलली. मग म्हणाली, ‘अरे, इथे सव्वाअकरात चार मिळवावे लागतात. आणि वरच्या गावाला आठ.’ पलीकडून मामांनी काय विचारलं ते ऐकू आलं नाही. ‘हो हो,’ आई म्हणाली, ‘जंगलजेटी पण आहे. फुकट.’